अडला हरी आणि सिलिंडरचा भाव



वाचक माउलींनो, या मासिकात आजवर मी जे काही लिहिले ते संतचरित्रांवर आणि अभंगांच्या अर्थावर. या वेळी बाजारावर लिहितो आहे. वारकऱ्याने टाळ-वीणा सोडून कायद्याच्या भानगडीत पडू नये, असे ज्यांना वाटते त्यांची पत्रे येतील हे मला ठाऊक आहे. त्यांनी जरूर लिहावे, पण आधी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढी विनंती.

माझ्या मागे एकतीस वर्षे मृदंग वाजवणारा एक गडी होता. वयाने माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. नाव सांगत नाही, त्याच्या मुलांना आवडणार नाही. गाव दर्यापूर तालुक्यातले, पूर्णेच्या अंगाचे, खारपाण पट्ट्यातले. दुसऱ्या लाटेची पहिली झळ राज्यात आपल्याच भागाला लागली हे आता लोक विसरत चालले. फेब्रुवारी २०२१ मध्येच अमरावती आणि अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लागली होती. एप्रिलमध्ये याला ताप भरला, तिसऱ्या दिवशी धाप लागली. अमरावती तिथून पन्नासेक किलोमीटर. एरवी दीड-दोन हजारांत नेणाऱ्या गाडीवाल्याने चौदा हजार मागितले, तेही आगाऊ. पोराने तूर विकलेली होती म्हणून पैसे घरात होते. अमरावतीत खाट मिळेना. दोन रात्री तो नातेवाइकाच्या ओसरीवर होता आणि त्या दोन रात्रींसाठी प्राणवायूचा एक मोठा सिलिंडर मिळाला पस्तीस हजारांना. रिकामा झाला की परत द्यायचा, म्हणजे पस्तीस हजार नुसत्या आतल्या हवेचे.

त्या हवेचा सरकारी भाव काय होता, ते मी नंतर भाच्याकडून शोधून घेतले. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्येच सिलिंडर भरणाऱ्यासाठी वैद्यकीय ऑक्सिजनचा कमाल दर घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे ठरवून दिला होता. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण सात घनमीटर वायू मावतो. गुणाकार करा. एकशे ऐंशी रुपये होतात. कर वेगळा, वाहतूक वेगळी, मान्य. हमाली धरा, दुकानदाराचा नफा धरा, रात्री-अपरात्री उठण्याचे कष्ट धरा. तरी एकशे ऐंशीचे पस्तीस हजार कोणत्या पाटीगणिताने होतात?

पाचव्या दिवशी तो गेला. सिलिंडर महाग मिळाला म्हणून गेला, असे मी म्हणत नाही. त्याची वेळ भरली असेल. पण मरणाच्या वेळेचा हिशेब पांडुरंगाकडे असतो आणि पस्तीस हजारांचा हिशेब माणसाकडे असतो. या दोन वह्या आपण एकात एक मिसळून टाकतो, तिथेच सगळा घोटाळा होतो.

आता माझ्या लाजेची गोष्ट. दोन वर्षांनी, माघात, तालुक्यातल्या एका मोठ्या गावी सप्ताहाला मला काल्याचे कीर्तन होते. काल्याच्या पंगतीचे अन्नदाते होते एक शेठजी. सिलिंडर त्यांच्याच हातून आला होता. मला माहीत होते. जाण्यापूर्वीच माहीत होते. मी दामाजीपंतांचे चरित्र सांगितले. शेठजी पहिल्या रांगेत बसले होते आणि मंगळवेढ्याची कोठारे उघडण्याच्या प्रसंगाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. खरे पाणी होते, मी पन्नास वर्षे श्रोत्यांचे चेहरे वाचत आलो आहे. कीर्तन संपल्यावर त्यांनी मला हार घातला आणि मी तो गळ्यात ठेवून घेतला. मागे मृदंगावर नवा पोरगा होता.

प्रसाद झाल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन विषय काढला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "महाराज, भाव म्या नाही ठरवला. मले जसा पडला तसाच म्या देल्ला, वर माहे चार पैसे. अन् म्या नसता देल्ला तं मंग कोणं देल्ला असता?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. एवढी वर्षे गादीवर उभे राहून शंकासमाधान केले, आणि एका अडत्याच्या साध्या प्रश्नाला निरुत्तर झालो. आज देतो आहे.

पहिले उत्तर दामाजीपंतांच्याच चरित्रात आहे, आणि ते आम्ही कीर्तनकार सांगता सांगता गाळतो. दामाजीपंत दानशूर होते, एवढ्यावर आमचे भागते. अहो, पण कोठारे त्यांची नव्हती. ती बेदरच्या बादशहाची होती. पंत पगारी अधिकारी होते. स्वतःच्या घरचे धान्य वाटले असते तर तो दानधर्म झाला असता. त्यांनी राज्याचा साठा लोकांसाठी खुला केला. काळ पडला असता साठा बंद ठेवणे हाच त्या वेळचा कायदा होता, आणि तो मोडल्याबद्दल पंतांना मुसक्या बांधून नेण्याचा हुकूम निघाला. म्हणजे हे चरित्र मुळात राजाच्या हुकमाविषयी आहे. संकटात साठा कोणाचा आणि कुलूप कोणी उघडायचे, हा त्यातला प्रश्न आहे. ज्यांना परमार्थात कायदा नको वाटतो त्यांनी दामाजीपंतांचे चरित्र सांगणे सोडून द्यावे.

आणि पुढची गोष्ट याहून बारीक आहे. देव विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला आणि त्याने धान्याची किंमत चुकती केली. पावती घेतली. देवाने असे म्हटले नाही की भुकेल्यांचे धान्य, त्याला कसली किंमत. मालाचे जे वाजवी होते ते त्याने मोजून दिले. शेठजी, तुमचे वाजवी बुडवावे असे आमचा देवसुद्धा म्हणत नाही. तुम्हाला पडला त्या भावाची पावती तुमच्याकडे असेल तर ती दाखवा, तुमचे चार पैसे तुम्ही घ्या, आणि मग आपण दोघे मिळून विचारू की तुम्हाला तो भाव लावणारा कोण. पावती नसेल तर मात्र तुमचा माझा रस्ता वेगळा.

इथे कोणी म्हणेल, हे सगळे मनाच्या पालटाने होईल, कायदा कशाला? लोकांना नामाला लावा म्हणजे बाजार आपोआप सुधारेल. हा आमच्याच फडांवरचा, आमच्याच गुरुबंधूंचा आक्षेप आहे, म्हणून जरा थांबून उत्तर देतो. तुकोबाराय दुकानदार होते. महाजनकीचे घर, सावकारी, धान्याचा व्यापार. १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली. हे सारे आपण सांगतो. पण महिपतीबुवांनी नोंदवलेली एक गोष्ट ध्यानात घ्या. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते तुकोबांनी बुडवली नाहीत, ती त्यांच्या हवाली केली. का? वैराग्य हे ज्याचे त्याने घ्यायचे असते, भावाच्या गळ्यात ते बांधता येत नाही. तुकोबांनी जे आपल्या सख्ख्या भावावर लादले नाही ते सरकारने अमरावतीच्या इतवारा बाजारावर लादावे, असे मी कसे म्हणेन? कायदा कोणालाही तुकाराम होण्याची सक्ती करत नाही. तो कान्होबासाठी आहे. कान्होबाने प्रपंच करावा, व्याज घ्यावे, नफा घ्यावा. पण कान्होबालाही एक शेवटची पायरी असते, तिच्या खाली उतरू नये, एवढेच कायद्याने सांगायचे असते. नामाने जे शंभरातल्या पाचांना साधते त्याची वाट पाहत उरलेल्या पंचाण्णवांच्या हाती रोग्याची मान द्यायची नसते.

आणि आपल्या शास्त्रकारांना हे पक्के ठाऊक होते. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात व्यापाऱ्यांनी संगनमत करून भाव चढवला आणि लोकांना पीडा झाली तर उत्तम साहस दंड सांगितला आहे. देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा, असा नफाही ठरवून दिला आहे. याच स्मृतीवर मिताक्षरा आहे, जी महाराष्ट्रात शतकानुशतके न्यायनिवाड्याला चालली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नफ्याचे हेच प्रमाण आहे, आणि त्याची जागा पाहा. चौथे अधिकरण कंटकशोधनाचे, म्हणजे राज्यातले काटे वेचण्याचे. त्यात व्यापाऱ्यांपासून प्रजेच्या रक्षणाचा अध्याय येतो आणि त्याच्या लगेच पुढचा अध्याय अग्नी, पूर, रोगराई, दुष्काळ या आपत्तींच्या निवारणाचा. दोन अध्याय शेजारी शेजारी कसे आले हे मला पूर्वी कळत नसे. एप्रिल २०२१ मध्ये कळले.

मध्ये इंग्रज आले आणि त्यांनी उलटा धडा घातला. १८८० च्या दुष्काळ आयोगाने धान्याच्या खासगी व्यापारात सरकारने हात घालू नये, हेच धोरण धरले. वऱ्हाड तेव्हा कापसाने पांढरा झालेला, धान्य विकत घेऊन खाणारा. १८९९-१९०० च्या काळात आपल्या भागाचे काय झाले ते जुन्या घरांतल्या म्हाताऱ्या सांगत असत. माझी आजी सांगे. मेळघाटाकडून खाली उतरलेल्या माणसांच्या पायांची वर्णने ती करीत असे, ती इथे लिहवत नाहीत.

बरे, आज कायदा नाही का? आहे, आणि हीच तर गंमत. जीवनावश्यक वस्तू अधिनियम १९५५ चा आहे, सात वर्षांपर्यंत कैद आहे. १९८० चा काळाबाजार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात सहा महिने स्थानबद्ध ठेवता येते. छापील किमतीहून जास्त घेणे हा वेगळा गुन्हा आहे. पण १९५५ च्या कायद्याची अनुसूची वाचा. औषधे, खते, तेलांसह अन्नपदार्थ, सुताच्या लडी, पेट्रोलियम, कच्चा ताग, बियाणे. पिण्याच्या पाण्याच्या टँकरचे नाव नाही. रुग्णवाहिकेचे नाही. ताडपत्रीचे नाही. सरणाच्या लाकडाचे नाही. आता याशेजारी आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांची दशसूत्री ठेवा. अन्न, पाणी, वस्त्र, निवारा, रोग्याला औषध. निरक्षर म्हणवणाऱ्या त्या माणसाची यादी दिल्लीच्या यादीपेक्षा पुरी आहे.

मुखपट्टी आणि हात धुण्याचे सॅनिटायझर या यादीत घालायला १३ मार्च २०२० उजाडावा लागला. दोनशे मिलिलिटरची बाटली शंभर रुपयांच्या वर नको, असा भाव बांधला. आणि ३० जूनला ते यादीतून गळले. जूनअखेर! रोग तेव्हा कुठे वऱ्हाडात पाय पसरत होता. मग ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारला मुखपट्ट्यांचा भाव आपल्या अधिकारात पुन्हा बांधावा लागला. पुढे पाहा. घरी वापरायच्या प्राणवायू यंत्रावर वितरकांचे नफे १९८ टक्क्यांपर्यंत जातात असे प्राधिकरणाला आढळले आणि नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली गेली जून २०२१ मध्ये. बोटाला लावून प्राणवायू मोजायचे यंत्र आणि बाकीच्या उपकरणांची मर्यादा आली जुलै २०२१ मध्ये. तोवर दुसरी लाट ओसरून माणसे तेराव्याची जेवणेही जेवून मोकळी झाली होती. याला वरातीमागून घोडे म्हणतात. इथे तर घोडे प्रेतयात्रेमागून आले.

म्हणून माझी मागणी नव्या शिक्षेची नाही. शिक्षा पुरेशा आहेत. मागणी वेळेची आहे. जिल्ह्यात आपत्ती जाहीर झाली की त्याच घटकेला, वेगळा आदेश न काढता, ठरावीक वस्तूंचे आणि सेवांचे भाव आधीच्या महिन्याच्या भावाला बांधले जावेत. सेवा हा शब्द त्यात हवाच, कारण माझ्या मृदंगवाल्याला पहिले लुटले ते गाडीभाड्यात. ज्याचा स्वतःचा खर्च खरोखर वाढला त्याने पावती दाखवून तेवढा वाढवावा. हे काही जगावेगळे नाही. अमेरिकेत, जिथे बाजाराला देव मानतात, तिथे न्यूयॉर्क राज्यात १९७९ पासून असा कायदा आहे. कॅलिफोर्नियात आणीबाणी जाहीर झाली की साधारणपणे दहा टक्क्यांवर भाव चढवणे गुन्हा ठरतो, खर्च वाढल्याचे दाखवले तर सूट. याज्ञवल्क्यांचे दहा आणि कॅलिफोर्नियाचे दहा हा योगायोग असेल, मी त्यातून काही सिद्ध करू पाहत नाही.

आणखी एक कलम मला हवे आहे. लुटलेले पैसे लुटल्या गेलेल्या माणसाला परत मिळाले पाहिजेत. आजच्या कायद्यात जप्त माल सरकारजमा होतो, दंड खजिन्यात जातो आणि तूर विकलेला पोरगा तसाच राहतो. हे होऊ शकते याला पुरावा आहे. मे २०२० मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांचे दिवसाचे दर बांधले, साध्या विलगीकरण खाटेला चार हजार, अतिदक्षता विभागाला साडेसात हजार, श्वसनयंत्रासह नऊ हजार. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले आणि काही शहरांत जादा घेतलेले पैसे रुग्णांना परतही मिळाले. जिथे कोणी तपासायला बसला तिथे मिळाले.

आता शेठजींच्या बाजूचा मोठा मुद्दा. म्हणतात, भाव चढला की माल धावत येतो, भाव बांधला की माल दडतो. रेमडेसिविरचा दाखला देतात. भाव बांधलेला होता, एप्रिल २०२१ मध्ये केंद्राच्या सांगण्यावरून कंपन्यांनी तो साडेतीन हजारांच्या आत आणला, सर्वांत स्वस्त कुपी तर ८९९ रुपयांना होती, आणि तीच दहा-वीस हजारांना अंधारात विकली गेली. मग बांधून काय मिळवले? प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे असे की नुसता भाव बांधून माल लोकांपर्यंत पोचत नाही, वाटपही हातात घ्यावे लागते. आणि रेमडेसिविरविषयी एक गोष्ट कोणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयातल्या रुग्णांना ते देऊ नये, असा सल्ला दिला होता. म्हणजे लोक वीस हजारांना औषध विकत घेत नव्हते, भीती विकत घेत होते. अशा बाजारात चढा भाव माल आणत नाही, तो फक्त भीतीला किंमत लावतो.

प्राणवायूचेच पाहा. पस्तीस हजारांचा भाव ऐकून तो धावत आला का? आला तो आगगाडीने. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन गाडी विशाखापट्टणमला निघाली आणि भरून २३ एप्रिलला नागपुरात, दुसऱ्या दिवशी नाशकात पोचली. जळगावहून नागपूरला जाणारी गाडी आपल्याच अकोला-बडनेरा मार्गाने जाते. त्या गाडीला कोणी चढा भाव दिला नव्हता. हुकूम दिला होता. रूळ मोकळे केले होते. दामाजीपंतांनी कुलूप उघडले तसे.

पण दुसरा आक्षेप आहे, आणि तो माझ्या जिव्हारी लागणारा आहे, कारण मी शेतकऱ्याचा मुलगा. जीवनावश्यक वस्तू कायद्याचे नाव काढले की वऱ्हाडातला शेतकरी हात जोडतो आणि म्हणतो, महाराज, तेवढे सोडून बोला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला तो उगीच नव्हे. कांदा, डाळ, तेल, जरा शेतकऱ्याला दोन पैसे मिळू लागले की शहरातल्या ताटाची काळजी पुढे येते आणि साठ्यावर बंधन येते. २०२० मध्ये केंद्राने हा कायदा सैल केला, धान्य-डाळी-कांद्यावरची बंधने फक्त युद्ध, दुष्काळ, असाधारण भाववाढ, गंभीर नैसर्गिक आपत्ती यांपुरती ठेवली, आणि पुढच्याच वर्षी इतर दोन शेती कायद्यांबरोबर तो बदलही मागे घेतला. त्यातल्या राजकारणात मला शिरायचे नाही. पण आपत्तीपुरतेच बंधन ही कल्पना मला खोटी वाटत नाही. म्हणून मी जे मागतो आहे त्यात स्पष्ट लिहिलेले हवे की शेतकरी स्वतःच्या शेतातला माल विकत असेल तर त्याला हा कायदा लागू नाही, आणि आपत्तीची मुदत संपली की बंधन संपले. तहसीलदाराच्या हाती कायमचा चाबूक द्यायला मीही तयार नाही.

आणि उलट बाजूने पाहा ना. शेतकरीच कितीदा अडतो! २०२४ च्या मे-जूनमध्ये अकोल्यात कपाशीच्या एका पसंतीच्या वाणासाठी दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या. बीटी कापसाच्या पाकिटाचा सरकारी भाव होता ८६४ रुपये. जास्त कोणाला द्यावे लागले आणि किती, ते प्रत्येक गावच्या पारावर विचारा. शेतकऱ्यावर आपत्ती मृगाच्या तोंडावर येते, तिला कोणी आपत्ती म्हणत नाही, एवढेच.

गावातल्या लहान किराणा दुकानदाराविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर पाप लागेल. आमच्या गावच्या दुकानदाराने टाळेबंदीत तेल आणि साखर घरटी मापून दिली, भाव तोच. अकोल्याहून माल चढ्या भावाने आला तेव्हा त्याने ठोक व्यापाऱ्याची चिठ्ठी भिंतीला लावली, ज्याला वाचायची त्याने वाचावी. असा माणूस कायद्याच्या पहिल्या तडाख्यात सापडतो आणि वरचा सुटतो, हा आजवरचा अनुभव. चिठ्ठी वर वर चालत गेली पाहिजे. (त्याच काळात खर्ऱ्याचा भाव चौपट झाला होता, त्याबद्दल मात्र माझी कोणाकडेही तक्रार नाही.)

आता आपल्याकडे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. अडलेला हरीच असतो, हे म्हणीतच आहे. पण त्या वर्षी ज्यांनी पाय धरायला लावले त्यांच्याच पैशांतून पुढच्या वर्षीचे मंडप उभे राहिले. मी एकटा हार घालून घेणारा नव्हतो. सप्ताह कमिट्यांना अन्नदाता हवा असतो, आम्हाला पाकीट हवे असते, आणि शेठजींना पहिल्या रांगेत बसून रडायला जागा हवी असते. तिघांचे चालते. मृदंगवाल्याच्या मुलाने एकदा मला विचारले होते, "महाराज, ते बुंदीचे लाडू बाबाच्याच पैशाचे होते काय?" काय उत्तर देणार?

दान घेऊ नका, असे मी म्हणत नाही. वाल्याचे परिवर्तन आपणच सांगतो. पण वाल्याला आधी घरी जाऊन विचारावे लागले होते की या पापात वाटेकरी कोण. शेठजींना तो प्रश्न मी काल्याच्या मंडपात, सगळ्यांसमोर विचारायला हवा होता. आडोशाला नेऊन विचारला, हीच माझी चूक.

या चैत्रात मी आणि पंचक्रोशीतल्या काही कीर्तनकारांनी मिळून एक निवेदन केले आहे. वर लिहिले तेवढेच त्यात आहे. जाहीर आपत्तीत भाव आपोआप बांधले जावेत, सेवाही धराव्यात, खर्चाची पावती मान्य व्हावी, शेतकऱ्याचा माल वगळावा, जादा घेतलेले पैसे अडलेल्याला परत मिळावेत. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांना ते आषाढीच्या आत पोचवायचे आहे. कौंडण्यपूरहून रखुमाईची पालखी पंढरीला निघते तेव्हा वाटेवरच्या गावांतही सह्या घेणार आहोत. पहिली सही भिंतीवर चिठ्ठी लावणाऱ्या दुकानदाराने केली, आणि शाई पसरली म्हणून दुसऱ्यांदा केली.

शेठजींकडेही कागद घेऊन गेलो होतो. त्यांनी बसवले, चहा दिला, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "ठेवून जा महाराज, सवडीनं पायतो." तीन आठवडे झाले. कागद अजून त्यांच्याकडेच आहे.